बातमी कुठून आली? 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चा उदय आणि अस्त

10 जुलै 2011, रविवार. लंडनच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चा 8,674 वा अंक बाजारात आला आणि तोच शेवटचा ठरला. पहिल्या पानावर वाचकांचे आभार मानून निरोप घेतलेला होता. त्या दिवशी सुमारे 38 लाख प्रती खपल्या. वर्तमानपत्र बंद पडतं ते सहसा वाचक आटल्यामुळे किंवा कर्ज डोक्यावर चढल्यामुळे. इथे वाचक होते. अखेरच्या महिन्यांतही दर आठवड्याला 26 लाखांहून अधिक प्रती जात होत्या आणि ब्रिटनमधलं रविवारचं सगळ्यात खपाचं पत्र हेच होतं. त्याच आठवड्यात सोमवारी एक बातमी फुटली, गुरुवारी मालकांनी पत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि रविवारी 168 वर्षांचा कारभार संपला.

हे प्रकरण बहुतेक वेळा फोन हॅकिंगचं प्रकरण म्हणून सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण तो झाला नाटकाचा शेवटचा प्रवेश. या पत्राचा इतिहास वाचताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो: बातमी कुठून आली? विकायचा माल दीडशेहून अधिक वर्षांत फारसा बदलला नाही. गुन्हे, भानगडी, मोठ्या माणसांची अब्रू. बदलत गेली ती हा माल मिळवण्याची जागा. आधी कोर्ट, मग चेकबुक, मग वेशांतर, आणि शेवटी दुसऱ्याचा फोन. या पायऱ्या उतरत असताना खपाचे आकडे मोठेच दिसत राहिले. त्यामुळे आपण उतरतो आहोत, हे आतल्यांनाही कळलं नाही आणि बाहेरच्यांनाही.

कोर्टाच्या बाकावर

1 ऑक्टोबर 1843 रोजी जॉन ब्राउन बेल यांनी हे साप्ताहिक काढलं. किंमत तीन पेनी. त्या काळी एवढ्या स्वस्तात दुसरं पत्र मिळत नव्हतं. नुकताच वाचायला शिकलेला कामगारवर्ग हा त्यांचा गिऱ्हाईक. या माणसाला सुट्टी एकाच दिवशी, रविवारी. म्हणून पत्रही रविवारचं. पुढे 1855 मध्ये वर्तमानपत्रांवरचा स्टँप कर उठला, इतरांनी किमती उतरवल्या, बेल कुटुंबाने उतरवली नाही आणि खप गळत गेला. 1891 मध्ये पत्र विकलं गेलं.

नवे मालक कार्डिफचे लॅसेल्स कार. त्यांनी आपला पुतण्या एम्सली कार याला संपादकाच्या खुर्चीत बसवलं आणि तो तिथे 1941 पर्यंत, म्हणजे तब्बल 50 वर्षं बसला. जोडीला जॉर्ज रिडेल नावाचा वकील होता. त्याने गावोगावी स्थानिक एजंट नेमून वितरणाची घडी बसवली. या माणसाचं काम इतिहासात फारसं सांगितलं जात नाही, पण चुरचुरीत मजकूर सगळ्यांकडे होता. तो रविवारी सकाळी दूरच्या खेड्यातल्या दारात टाकणारं जाळं यांच्याकडे होतं. 1912 पर्यंत खप 20 लाखांवर गेला, 1939 पर्यंत 40 लाखांवर. 1950 मध्ये तो आठवड्याला 84 लाख 41 हजार होता आणि जगातलं सर्वाधिक खपाचं वर्तमानपत्र म्हणून त्याचं नाव घेतलं जाई. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. म्हणजे लहान मुलं धरून दर सहा माणसांमागे एक प्रत, आणि एक प्रत घरातले सगळे वाचणार.

एवढ्या लोकांना त्यात काय मिळत होतं? मुख्यतः कोर्टाचं वृत्त. घटस्फोटाचे दावे, विनयभंगाचे खटले, पाद्री आणि शाळामास्तर यांचे गुन्हे, खून. वार्ताहर कोर्टाच्या बाकावर बसायचा आणि लघुलिपीत साक्षी उतरवून घ्यायचा. उघड्या कोर्टात जे बोललं जातं त्याचा नेमका आणि न्याय्य वृत्तांत छापला तर बदनामीचा दावा टिकत नाही, हे कायद्याचं संरक्षण त्याच्या पाठीशी होतं. माल स्वस्त, कायदेशीर आणि शपथेवरचा. भाषाही सोवळी असे. शरीरसंबंधाचा उल्लेख 'जवळीक झाली' अशा वळणाने यायचा, बाकीचं वाचकाने समजून घ्यायचं.

या काळाकडे हळवेपणाने पाहायचं कारण नाही. गावातल्या कोर्टात दहा माणसांपुढे घडलेली नामुष्की हे पत्र कोट्यवधींपर्यंत पोचवत होतं. पुरुषांमधले समलिंगी संबंध 1967 पर्यंत इंग्लंडमध्ये गुन्हा होते; अशा खटल्यातल्या माणसाचं नाव, गाव, पेशा छापून आला की शिक्षा छोटी असली तरी आयुष्य संपलेलं असे. यात क्रूरपणा होता आणि त्यावर पैसा कमावला जात होता. तरीही एक कुंपण होतं. जे छापलं जाई ते आधी चारचौघांत घडलेलं असे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकलेलं असे. वार्ताहराने ते घडवलेलं नसे आणि चोरलेलंही नसे. बातमी कुठून आली, या प्रश्नाला उत्तर होतं: कोर्ट क्रमांक अमुक, तारीख तमुक.

हे कुंपण पुढे दोन्हीकडून ढासळलं. 1926 च्या कायद्याने घटस्फोटाच्या दाव्यांमधला चविष्ट तपशील छापायला बंदी आली. मग 1969 च्या कायद्याने घटस्फोटासाठी जोडीदाराचा गुन्हा चव्हाट्यावर सिद्ध करण्याची गरजच खूप कमी केली. शिवाय घरात टीव्ही आला. साठच्या दशकाअखेर खप 60 लाखांच्या घरात उतरला होता. आकडा अजून अवाढव्य होता, पण विहिरीचं पाणी खाली चाललं होतं.

चेकबुक

1963 मध्ये युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांचं विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण गाजलं. त्यातली तरुणी क्रिस्टीन कीलर हिची कहाणी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने 23 हजार पौंडांना विकत घेतली. वर्तमानपत्राने आठवणी विकत घेणं नवं नव्हतं, पण भानगडीतल्या माणसाला एवढी रक्कम मोजली जाते हे आता सगळ्या देशाला कळलं.

मला हा बदल फार मोठा वाटतो. साक्षीदार कोर्टात बोलतो तेव्हा खोटं बोलला तर तुरुंगात जातो. तोच माणूस संपादकाच्या खोलीत बोलतो तेव्हा कहाणी जेवढी तिखट तेवढी रक्कम मोठी. पैसे देणाऱ्याला तिखटच हवं आहे, घेणाऱ्यालाही तिखटच द्यायचं आहे, आणि खोलीत तिसरं कुणी नाही. ज्याच्याबद्दल बोललं जातं आहे, तो तर नाहीच नाही.

याच सुमारास मालकी बदलली. कार घराण्यातल्या एका नातलगाने आपला मोठा हिस्सा विकायला काढला आणि 1968 मध्ये प्रकाशक रॉबर्ट मॅक्सवेल यांनी बोली लावली. संपादक स्टॅफर्ड सॉमरफील्ड यांनी पहिल्या पानावर अग्रलेख लिहून पत्राचं ब्रिटिशपण आणि मॅक्सवेल यांचा परदेशी जन्म वाचकांपुढे मांडला. तो मजकूर आजही वाचताना अंगावर येतो. व्यवहाराचा वाद त्यांनी माणसाच्या जन्मावर नेला होता. कंपनीचे अध्यक्ष सर विल्यम कार यांनी मदतीला ऑस्ट्रेलियाहून रूपर्ट मरडॉक यांना बोलावलं. जानेवारी 1969 मध्ये भागधारकांनी मरडॉक यांच्या बाजूने कौल दिला. काही महिन्यांतच सर विल्यम अध्यक्षपदावरून गेले आणि 1970 मध्ये सॉमरफील्ड यांनाही जावं लागलं. मरडॉक यांचं लंडनमधलं हे पहिलं वर्तमानपत्र. 1969 मध्येच त्यांनी 'द सन' घेतलं आणि पुढचं सगळं साम्राज्य या दोन पत्रांच्या कमाईवर उभं राहिलं.

पहिल्याच वर्षात कीलर यांच्या आठवणी पुन्हा छापल्या गेल्या. प्रोफ्युमो तोवर राजकारण सोडून लंडनच्या ईस्ट एंडमध्ये समाजसेवा करत होते. सहा वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडण्यात लोकांचं काय हित, असं विचारलं गेलं, वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलने ठपका ठेवला. खप मात्र वाढला. ठपक्याची किंमत शून्य आणि अंकाची किंमत रोख, हा हिशेब इथे पक्का झाला असं मला वाटतं.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. 1984 मध्ये मोठ्या आकाराचं पान जाऊन टॅब्लॉइड आकार आला. 1986 मध्ये छपाई फ्लीट स्ट्रीट या लंडनमधल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या रस्त्यावरून शहराच्या पूर्वेला वॉपिंगला हलली, सुमारे 6 हजार कामगारांना काढून टाकलं गेलं आणि वर्षभर चाललेला संप शेवटी मोडला. कामगार संघटनांचा धाक गेला तसा कचेरीत वरच्याला 'नाही' म्हणणारा आवाजही क्षीण झाला. 1991 मध्ये प्रेस कौन्सिलच्या जागी प्रेस कम्प्लेंट्स कमिशन आलं. ही स्वनियमनाची संस्था. पैसा वर्तमानपत्रांचा, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रारी यायच्या त्यांच्यातलेच काही संपादक आत बसलेले. दंड करायचा अधिकार तिला नव्हता.

शेखचा झगा

नव्वदच्या दशकात मझर महमूद हा या पत्राचा सगळ्यात गाजलेला बातमीदार झाला. आखाती श्रीमंत शेख बनून तो लोकांना महागड्या हॉटेलात बोलवायचा, पैशांचं किंवा कामाचं आमिष दाखवायचा, आणि खोलीत लपवलेले कॅमेरे सगळं टिपून घ्यायचे.

वेशांतराला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. ऑगस्ट 2010 मधलं लॉर्ड्सचं प्रकरण क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही आठवत असेल. महमूदने सट्टेवाल्याचं सोंग घेऊन मझर मजीद या एजंटला दीड लाख पौंड दिले. पाकिस्तानचे गोलंदाज कोणत्या चेंडूला नो-बॉल टाकतील हे मजीदने आधी सांगितलं आणि मैदानात तसंच घडलं. नोव्हेंबर 2011 मध्ये सलमान बट, मोहम्मद आसिफ, मोहम्मद आमिर आणि मजीद यांना तुरुंगवास झाला. कोणत्याही क्रिकेट मंडळाला जे जमलं नव्हतं ते एका सनसनाटी साप्ताहिकाने करून दाखवलं. या पत्राच्या बाजूने बोलणारे हे उदाहरण देतात आणि ते बरोबर देतात.

पण याच पद्धतीत एक खोट आहे. गुन्हा आधीपासून चालू होता आणि बातमीदाराने तो टिपला, की बातमीदाराने आमिष दाखवलं म्हणून तो घडला? लॉर्ड्सच्या बाबतीत कोर्टाने उत्तर दिलं. अनेक प्रकरणांत ते उत्तर मिळालंच नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये महमूदलाच 15 महिन्यांची शिक्षा झाली. एका गायिकेला अडकवणाऱ्या प्रकरणात पुराव्याशी छेडछाड करून न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच्यावर शाबीत झाला. ते काम त्याने त्याच मालकांच्या 'सन ऑन संडे' या नंतरच्या पत्रासाठी केलं होतं, पण हात तेच होते आणि सवयही तीच.

जुलै 2000 मध्ये या पत्राने आणखी एक पाऊल टाकलं. ससेक्समध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचं अपहरण आणि खून झाला. देश हादरला होता. नव्या संपादक रिबेका वेड यांनी मुलांवर अत्याचार केलेल्या, शिक्षा झालेल्या लोकांची नावं, फोटो आणि ठावठिकाणे छापायला सुरुवात केली. पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत जमाव रस्त्यावर उतरला, घरांवर हल्ले झाले, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा कुटुंबांनाही घर सोडावं लागलं. वेल्समधल्या न्यूपोर्टला एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरच्या घरावर शिवी रंगवली गेली. बालरोगतज्ज्ञ आणि बालअत्याचारी यांच्यासाठीचे इंग्रजी शब्द सारख्याच अक्षरांनी सुरू होतात, एवढाच तिचा दोष. दोन आठवड्यांत मोहीम थांबवावी लागली. त्या मुलीच्या आईची मागणी मात्र खरी होती आणि ती चिकाटीने लढली. आपल्या मुलाच्या संपर्कातल्या माणसाचा पूर्वेतिहास पालकाला पोलिसांकडे विचारता यावा, अशी योजना पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये आली. पत्राने तिच्या दुःखाला आवाज दिला होता, हे नाकारता येत नाही. म्हणूनच जुलै 2011 च्या अखेरीस जे उघड झालं ते जास्त लागतं: फोन हॅक करणाऱ्या माणसाच्या टिपणांत तिचाही तपशील सापडला होता.

चार आकडी पिन

आता शेवटची पायरी. ती किती सोपी होती हे आधी समजून घेतलं पाहिजे, कारण सोपेपणानेच ती पसरली.

मोबाइलवर व्हॉइसमेल असतो. त्या काळी आपला व्हॉइसमेल दुसऱ्या कुठल्याही फोनवरून ऐकता येई. चार आकडी पिन दिला की झालं. बहुतेक लोक कंपनीने दिलेला मूळ पिन कधी बदलतच नसत. मग दोन फोन लावायचे. पहिल्याने लाइन अडवून ठेवायची, दुसरा आपोआप व्हॉइसमेलवर जायचा, तिथे मूळ पिन टाकायचा. कुणी पिन बदललाच असेल तर फोन कंपनीत फोन करून आपण आतलेच कर्मचारी असल्याची बतावणी करायची आणि पिन पुन्हा मूळ करून घ्यायचा. यासाठी ग्लेन मलकेअर नावाचा खासगी गुप्तहेर करारावर होता. त्याला वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळे.

नोव्हेंबर 2005 मध्ये राजघराण्याचं वृत्त सांभाळणारे क्लाइव्ह गुडमन यांनी प्रिन्स विल्यम यांच्या गुडघ्याच्या दुखण्याची छोटीशी बातमी दिली. बातमी किरकोळ होती, पण ती मोजक्याच माणसांना माहीत होती आणि त्यांनी ती फक्त फोनवर बोललेली होती. राजवाड्यातल्या लोकांनी हाच प्रश्न विचारला, जो संपादकाने विचारायला हवा होता: ही बातमी आली कुठून? पोलिसांत तक्रार गेली. ऑगस्ट 2006 मध्ये गुडमन आणि मलकेअर यांना अटक झाली. जानेवारी 2007 मध्ये गुडमनला चार आणि मलकेअरला सहा महिन्यांची कैद झाली. संपादक अँडी कूल्सन यांनी आपल्याला काही माहीत नव्हतं असं सांगून राजीनामा दिला.

एकटा वार्ताहर

पुढची साडेचार वर्षं हा या प्रकरणाचा गाभा आहे.

पत्राच्या मालक कंपनीने एकच बचाव धरला: एक वार्ताहर वाट चुकला, बाकी सगळं स्वच्छ आहे. हा बचाव पहिल्याच दिवशी कोसळायला हवा होता. मलकेअरने कोर्टात राजघराण्याबाहेरच्या पाच जणांचे फोन हॅक केल्याचंही कबूल केलं होतं. त्यात फुटबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख गॉर्डन टेलर होते, एक खासदार होते, एक मॉडेल होती. राजवाड्याचं वृत्त पाहणाऱ्या गुडमन यांना फुटबॉल संघटनेच्या प्रमुखाचे निरोप कशाला हवे असतील? म्हणजे ते दुसऱ्या कुणासाठी ऐकले गेले. हे समजायला तपासयंत्रणा लागत नाही, निकालपत्र नीट वाचलं तरी पुरतं. शिवाय मार्च 2007 मध्ये खुद्द गुडमन यांनी कंपनीला पत्र लिहून कळवलं होतं की हे इतरांना ठाऊक होतं आणि संपादकीय बैठकीत त्यावर बोलणं व्हायचं. कंपनीने त्यांना एकूण सुमारे 2 लाख 43 हजार पौंड देऊन प्रकरण मिटवलं. ते पत्र जगापुढे यायला 2011 चा ऑगस्ट उजाडला.

आणि पोलीस? त्यांच्याकडे मलकेअरच्या घरातून जप्त केलेल्या टिपणांची सुमारे 11 हजार पानं होती. नावं, नंबर, पिन, आणि अनेक पानांच्या कोपऱ्यात काम सांगणाऱ्याचं नाव. ती पोत्यांत पडून राहिली. जुलै 2009 मध्ये 'गार्डियन'च्या निक डेव्हिस यांनी उघड केलं की कंपनीने टेलर यांच्याशी खर्चासह सुमारे 7 लाख पौंडांची गुपचूप तडजोड केली आहे. पोलीस अधिकारी जॉन येट्स यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं की नव्याने तपास करण्याजोगं काही नाही. प्रेस कम्प्लेंट्स कमिशनने नोव्हेंबर 2009 मध्ये अहवाल काढून पत्राला जवळजवळ मोकळं सोडलं आणि उलट 'गार्डियन'च्याच बातमीवर शंका घेतली. 2011 मध्ये तो अहवाल कमिशनला मागे घ्यावा लागला.

इथे लाच किंवा कट शोधत बसण्यापेक्षा ओळखीपाळखी पाहाव्यात असं मला वाटतं. पत्राचे माजी कार्यकारी संपादक नील वॉलिस यांना लंडन पोलिसांनी प्रसिद्धी सल्लागार म्हणून नेमलं होतं (पुढे ते खटल्यात निर्दोष सुटले). राजीनामा दिलेले कूल्सन काही महिन्यांत डेव्हिड कॅमेरन यांच्या पक्षात गेले आणि 2010 मध्ये कॅमेरन पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या कचेरीत जनसंपर्काचे प्रमुख झाले. 2003 मध्ये रिबेका वेड यांनी संसदीय समितीपुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की माहितीसाठी आम्ही पोलिसांना पैसे दिले आहेत. भर समितीत असं विधान झालं आणि त्याची कुठलीही चौकशी झाली नाही. प्रत्येकाला या पत्राची मर्जी हवी होती किंवा त्याची भीती होती. आपल्या घरातलं काहीतरी पुढच्या रविवारी छापून येईल ही भीती मंत्र्यालाही होती आणि अधिकाऱ्यालाही. जे पत्र लोकांची गुपितं जमवतं, त्याची चौकशी करायला पुढे कोण होणार?

एवढ्या काळात हे प्रकरण जिवंत ठेवलं ते मूठभर लोकांनी: डेव्हिस आणि त्यांचे संपादक, दोन-तीन खासदार, आणि स्वतःचे पैसे घालून दिवाणी दावे लढणारे पीडित. त्या दाव्यांमुळे कोर्टाने कागद बाहेर काढायला लावले. जानेवारी 2011 मध्ये पोलिसांनी अखेर नवा तपास सुरू केला. त्याच महिन्यात कूल्सन पंतप्रधानांच्या कचेरीतून पायउतार झाले. नोव्हेंबर 2011 मध्ये संभाव्य पीडितांचा आकडा सुमारे 5,800 सांगितला गेला. एकट्या वार्ताहराच्या गोष्टीतला हा आकडा आहे.

सोमवार ते रविवार

तोवर जनतेला याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. नटनट्या, राजपुत्र, पुढारी यांचे फोन ऐकले गेले, तर काय मोठंसं, असाच सूर होता. 4 जुलै 2011 ला तो बदलला. 'गार्डियन'ने छापलं की मार्च 2002 मध्ये सरेमधून बेपत्ता झालेल्या आणि पुढे खून झाल्याचं कळलेल्या 13 वर्षांच्या मिली डाउलरचा व्हॉइसमेल या पत्राने हॅक केला होता. निरोप पुसले गेल्यामुळे मुलगी जिवंत असल्याची खोटी आशा आईवडिलांना लागली, असंही त्या बातमीत होतं. हा दुसरा भाग पुढे टिकला नाही. निरोप आपोआप पुसले गेले असावेत असं पोलिसांना आढळलं आणि डिसेंबरमध्ये 'गार्डियन'ने दुरुस्ती केली. ही दुरुस्ती इथे नोंदवणं मला आवश्यक वाटतं. हॅकिंग झालं होतं हे मात्र खरं ठरलं.

पुढच्या तीन दिवसांत घडलं ते पाहण्यासारखं आहे, कारण कायद्याचा त्यात काही हात नव्हता. लोकांनी जाहिरातदारांना गाठलं. फोर्डने जाहिराती थांबवल्या, मागोमाग एकामागून एक कंपन्या बाजूला झाल्या. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या नातेवाइकांचे फोनही ऐकले गेल्याचा संशय पुढे आला आणि रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने पत्राशी संबंध तोडले. हे पत्र वर्षानुवर्षं स्वतःला सैनिकांचा कैवारी म्हणवत होतं.

गुरुवारी, 7 जुलैला रूपर्ट यांचे चिरंजीव जेम्स मरडॉक यांनी पत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुमारे 200 जणांची नोकरी गेली. त्यातले कित्येक जण मिलीचा फोन हॅक झाला तेव्हा तिथे नव्हतेही. त्या वेळच्या संपादक रिबेका ब्रुक्स (पूर्वीच्या वेड) मात्र कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या आणि आणखी आठ दिवस पदावर राहिल्या. मरडॉक यांच्या कंपनीला तेव्हा बीस्कायबी या उपग्रह टीव्ही कंपनीचे उरलेले 61 टक्के भाग घ्यायचे होते आणि सरकारची मंजुरी अगदी जवळ आली होती. त्या व्यवहारापुढे रविवारचं एक पत्र छोटं होतं. माझ्या मते ते बंद झालं ते या हिशेबाने. हिशेब तरीही चुकला: 13 जुलैला बोली मागे घ्यावी लागली.

लंडनचे पोलीस आयुक्त पॉल स्टीफन्सन आणि पाठोपाठ येट्स यांनी राजीनामे दिले. न्यायमूर्ती लेव्हसन यांच्या अध्यक्षतेखाली वर्तमानपत्रांच्या वागण्याची चौकशी बसली, नोव्हेंबर 2012 मध्ये सुमारे 2 हजार पानांचा अहवाल आला. चौकशीचा दुसरा भाग पोलीस आणि पत्रकार यांच्या संबंधांचा होता. तो सरकारने 2018 मध्ये रद्द केला. जून 2014 मध्ये कूल्सन दोषी ठरले आणि त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. ब्रुक्स सर्व आरोपांतून निर्दोष सुटल्या आणि 2015 मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखपदी परतल्या. रविवारची रिकामी जागाही फार काळ रिकामी राहिली नाही. 26 फेब्रुवारी 2012 पासून 'सन ऑन संडे' निघू लागलं.

14 एप्रिल 2002 चा अंक

शेवटी एका जुन्या अंकाबद्दल. मिली बेपत्ता होऊन महिनाही झाला नव्हता. 14 एप्रिल 2002 च्या रविवारी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने तिच्याबद्दल बातमी छापली. नोकऱ्या देणाऱ्या एका एजन्सीने मिलीच्या मोबाइलवर निरोप ठेवला होता, असं त्यात होतं, आणि पहिल्या आवृत्तीत तो निरोप शब्दशः दिलेला होता. प्रत्यक्षात तो चुकीच्या नंबरवर आलेला निरोप होता. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये मजकूर बदलला गेला. सरे पोलिसांनाही हे नव्याने कळायचं नव्हतं. मिलीचे निरोप आपल्याकडे आहेत असं पत्राच्याच लोकांनी त्यांना सांगितलं होतं. पोलिसांनी त्यावर काहीही केलं नाही.

म्हणजे पुरावा 11 हजार पानांच्या पोत्यात शोधायची गरजच नव्हती. तो छापून, गठ्ठे बांधून, रविवारी सकाळी घरोघरी पोचला होता. एका हरवलेल्या मुलीच्या फोनमधले शब्द वर्तमानपत्रात कसे आले, हे नऊ वर्षं कुणीही विचारलं नाही.